शेवळं आणि काकडं

मासानोबू फुकुओका यांचं शेतीवरचं पुस्तक जपानीत १९७५ साली आलं, इंग्रजीत तीन वर्षांनी. आपल्या मातीत, आपल्या ऋतूत उगवेल ते खावं, हे मला शिकोकू बेटावरच्या त्या शेतकऱ्याने शिकवलं, तेही परक्या भाषेतून. अनुवादक म्हणून याचा मला अभिमानच वाटे.

मग एका जूनमध्ये ठाण्याच्या बाजारात शेवळं दिसली. विकणाऱ्या आदिवासी मावशींशी मी दहा रुपयांसाठी घासाघीस केली. पैसे घेऊन त्यांनी वर मूठभर काकडं टाकली. ‘ही घाला, नाहीतर घसा खाजेल.’ काकडांच्या आंबटपणाने शेवळांची खाज मरते. हे ज्ञान त्यांनी फुकट दिलं. भाव मात्र मी पाडला होता.

पुस्तकाने मला भाजीपर्यंत नेलं. भाजीवालीपर्यंत जायचं राहिलं. जिने पहाटे रान तुडवून ती खुडून आणली, तिच्या कष्टांचं मोल द्यायची तयारी नसेल, तर स्थानिक अन्नाचं प्रेम हाही एक शौकच.

अनुवाद छापताना मूळ लेखकाचं नाव गाळणं आम्ही गुन्हा मानतो. ताटात मात्र ते रोज गाळतो.