सारथी कोणी व्हायचे?

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक बसवायचे ठरले, की शिवाजीमहाराजांच्या कामासाठी वर्गातले निम्मे हात वर होतात. अफझलखानालाही उमेदवारांची वाण पडत नाही; मरायचे असले तरी गडगडाटी हसून मरायला मिळते! पण पडदा कोण ओढणार आणि विंगेत उभे राहून विसरलेले शब्द कोण पुरवणार, असे विचारले की सारा वर्ग खिडकीबाहेरच्या कावळ्यांत रस घेऊ लागतो. मग कोणीतरी मोठे माणूस कोपऱ्यातल्या एखाद्या अबोल मुलाजवळ जाते आणि गोड आवाजात म्हणते, "तू समजूतदार आहेस ना?"

या गोड आवाजाविषयी मला नेहमीच शंका वाटत आली आहे. दुसऱ्याला साहाय्यकाचे काम घ्यायला सांगणे हे सत्कृत्य, की सभ्य वेषातली जबरदस्ती? प्रश्न घरातला आहे, संसारातला आहे. पण त्याची सर्वांत उघड चर्चा मला एका खेळात सापडली.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला आणि आता आपल्या पुण्या-मुंबईच्या मुलांतही तो पोचला आहे. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथेकरी. त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो सांगतो, "समोर गुहा आहे, आत काहीतरी गुरगुरते आहे." बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते सांगतात, आणि वीस बाजूंचा फासा यश की अपयश ते ठरवतो. कोणी कोणाला हरवायचे नसते. एकच कथा महिनोन् महिने चालते. आम्ही कादंबरीवाले एकट्याने, रात्री जागून, जे करतो ते ही मंडळी चिवडा खात खात करतात, हे पाहून मला थोडा मत्सरच वाटला.

या खेळात पहिल्यापासून तीन प्रकारची पात्रे होती: योद्धा, जादूगार आणि क्लेरिक. क्लेरिक म्हणजे चिलखत घातलेला पुरोहित म्हणा. भुतेखेते पिटाळावीत आणि सोबत्यांच्या जखमा बऱ्या कराव्यात, हे त्याचे काम. योद्धा व्हायला सगळे तयार, जादूगार व्हायला त्याहून तयार. क्लेरिकचे नाव निघाले की पुन्हा खिडकीबाहेरचे कावळे.

माझ्या भाचीच्या मंडळींचा डाव मी दिवाळीच्या सुटीत एकदा पाहत बसलो होतो. ती त्या गटात सर्वांत शेवटी आलेली, म्हणून क्लेरिक तिच्या वाट्याला आलेला. दोन तासांत तिने स्वतःहून केलेली एकही गोष्ट मला दिसली नाही. कोणी घायाळ झाला की हाक यायची, ती फासा टाकायची, आकडा सांगायची, आणि बरा झालेला वीर मागे वळूनही न पाहता पुन्हा धावायचा. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "मामा, मी काय त्यांची औषधांची पेटी आहे का?"

मी तिला सेवेचे महत्त्व सांगितले नाही. सांगितले असते, तर मी दुर्योधन झालो असतो.

हे जरा उलगडून सांगायला हवे. महाभारताच्या युद्धात दोन मोठे सारथी आहेत. श्रीकृष्णाने शस्त्र न धरण्याचे ठरवूनच आपखुशीने अर्जुनाचे घोडे हाकले. दुसरा शल्य, मद्र देशाचा राजा. कर्णाला तोलाचा सारथी हवा होता, म्हणून दुर्योधनाने शल्याला गळ घातली. सूतपुत्राचा रथ मी हाकू? शल्य संतापून निघालाच. तेव्हा दुर्योधनाने काय केले? स्तुती केली! तुम्ही कृष्णाच्या तोडीचे, किंबहुना त्याहून श्रेष्ठ. त्रिपुरासुरांशी लढताना प्रत्यक्ष ब्रह्मदेवाने शंकराचे सारथ्य केले होते. शल्य विरघळला, पण मनात येईल ते बोलण्याची मोकळीक मागून घेऊनच रथावर चढला. आणि पुढे वाटभर कर्णाचा तेजोभंग करीत राहिला. त्याने युधिष्ठिराला आधीच तसा शब्द दिला होता, हे खरे. तरी त्या टोमण्यांना जी धार आहे, ती नुसत्या दिलेल्या शब्दाची मला वाटत नाही. घोडे तेच, लगाम तोच. एकाने काम निवडले होते, दुसऱ्याच्या गळ्यात ते स्तुतीची माळ म्हणून पडले होते.

घराघरांतून असे किती शल्य (आणि त्याहून किती तरी अधिक शल्या!) त्यागमूर्ती म्हणून गौरवले जात असतील, याचा हिशेब दिवाळीच्या दिवसांत नको.

त्या खेळाच्या कर्त्यांनी मात्र त्यागाची स्तोत्रे रचत बसण्याऐवजी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी ते कामच बदलले. पूर्वी क्लेरिकला दिवसाचे मंत्र आधीच ठरवावे लागत. म्हणजे सोबत्यांच्या काळजीने सगळी पोतडी मलमपट्टीने भरायची आणि स्वतःला आवडेल असे काही घ्यायचेच नाही. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तिने त्याला मुभा दिली, की हवे ते मंत्र घे, वेळ आली तर त्यांतलाच एखादा जखमा भरण्याकडे वळव. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने आणखी पुढे जाऊन असे केले, की एका शब्दाने सोबत्याला उठवावे आणि त्याच पाळीत आपणही शत्रूवर घाव घालावा. शिवाय अशा पात्रांच्या भूमिकेला तिने नाव दिले 'लीडर'. नाव बदलून काय होते, असे कोणी म्हणेल. नुसते नाव बदलले असते तर तो दुर्योधनाचाच डाव ठरला असता. येथे पाळीही मिळाली.

कादंबरीत मला याचा रोजचा अनुभव आहे. नायकाचा मित्र केवळ नायकाला धीर देण्यासाठी निर्माण केला, की तो पान उलटण्यापूर्वीच मरतो. त्याला स्वतःचे काहीतरी हवे असले पाहिजे: गावाकडचे घर सोडवायचे असेल, नायकाच्या बहिणीवर मन जडले असेल. मग त्याच्या धीराच्या शब्दालाही वजन येते. हनुमंताने आणलेली संजीवनी आपण दुय्यम काम मानतो काय? वनस्पती ओळखता येईना, तेव्हा त्याने सगळा पर्वतच उचलला. तो निर्णय त्याचा होता.

म्हणून टेबलाशी बसणाऱ्या कथेकऱ्याला माझे सांगणे असे, की क्लेरिक घेणाऱ्याला आधी विचारा, तुझा देव कोणता आणि त्याच्याशी तुझे भांडण कशावरून? गुहेतला एखादा दरवाजा त्याच्या कथेकडेही उघडू द्या. आणि हिशेब उघडा ठेवा. २०१४ च्या आवृत्तीत 'ब्लेस' नावाचा मंत्र आहे. तो तिघा सोबत्यांच्या हल्ल्याच्या फाशाला चार बाजूंचा आणखी एक फासा जोडतो. सरासरीने अडीचची भर. म्हणजे शंभरांतले बारातेरा चुकणारे वार लागतात. पण वार लागला, की टाळ्या तलवारीला! गाण्याच्या बैठकीत तबलजीने सुरेख तुकडा वाजवला, की जाणता गवई क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहतो. तसे वीराने म्हणावे, "हा वार तुझ्या मंत्राने लागला." याला खर्च काही नाही.

आणखी एक. कोणीतरी साहाय्यक व्हावा असे ज्याला फार वाटते, त्याने पुढची कथा सुरू होताना तो फासा प्रथम आपल्या हातात घ्यावा. गटातला सर्वांत तरबेज खेळाडू क्लेरिक झाला, की ते काम मागे उरलेल्याचे राहत नाही. नवख्यांनाही त्यातली खुबी दिसते. कोणाला आत्ता उठवायचे, कोणाला आणखी एक घाव सोसू द्यायचा, शेवटचा मंत्र कशासाठी राखायचा, यात योद्ध्यापेक्षा डोके जास्त लागते.

इतके करूनही कोणी पुढे आले नाही तर? "कोणीतरी करायलाच हवे" हे वाक्य येथे तपासून पाहावे. ते पुष्कळदा खरे नसते. नव्या नियमांत विश्रांती घेतली तरी जखमा भरून येतात, औषधाच्या कुप्या विकत मिळतात. शेवटी राक्षस किती असावेत हे कथेकऱ्याच्याच हाती आहे. गटाला वैद्य नको असेल, तर त्याने दोन राक्षस कमी करावेत आणि खेळ सुरू करावा.