बेमचे धर्मांतर

पोलंडमधल्या टार्नुफ शहरात एका तळ्यातल्या बेटावर सहा उंच खांबांनी एक दगडी शवपेटी तोलून धरली आहे. आत जनरल युझेफ बेम आहे. जन्म याच गावचा, 1794 चा. मृत्यू मात्र 1850 मध्ये अलेप्पोत, मुराद पाशा या नावाने. 1929 मध्ये त्याच्या अस्थी मायदेशी आणल्या, तेव्हा मुसलमान झालेल्याला कॅथलिक दफनभूमीत कसे पुरायचे असा पेच पडला आणि पेटी अशी अधांतरी राहिली, असे सांगतात. राजकारणासाठी स्वीकारलेला धर्म खरा मानायचा का, हा प्रश्नही तिच्याबरोबरच लोंबकळत राहिला.

हेतू राजकीय होता हे नाकारण्यात अर्थ नाही. 1831 च्या पोलिश उठावात रशियावर तोफा डागणारा हा माणूस 1848-49 मध्ये हंगेरीसाठी ट्रान्सिल्व्हेनियात लढला. रशियन फौजा ऑस्ट्रियाच्या मदतीला धावल्या, ऑगस्टमध्ये तेमेश्वारला हंगेरियन सैन्य मोडले आणि बेम तुर्की हद्दीत शिरला. दोन्ही सम्राट निर्वासितांना ताब्यात मागत होते. मुसलमान झाल्यास सुलतानाच्या सैन्यात जागा होती, रशियाशी पुन्हा भिडण्याची आशा होती. हंगेरीचा नेता कोशुत याने त्याच संकटात धर्म सोडला नाही. मग बेमने श्रद्धा विकली, असे का म्हणू नये?

म्हणता येईल, पण मग हेतूची ही झडती सर्वांचीच घ्यावी लागेल. बहुतेकांना धर्म पाळण्यात मिळतो, आणि तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यामागे त्याची श्रद्धा होती का, असे कोणी विचारत नाही. जन्माने आलेल्याला सूट आणि निवडणाऱ्याची उलटतपासणी, हा न्याय विचित्रच. यावर कोणी म्हणेल की बाळ फसवत नाही, बेमने फसवले. पण कोणाला? त्याला काय हवे आहे हे सुलतानाच्या दरबाराला ठाऊक होते. देवाशी असलेला हिशेब आपल्या वहीत नाही. बेम भाविक मुसलमान होता असा दावा मी करणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण दारातून आत येण्याचे कारण वेगळे आणि आत आल्यावर पत्करलेले बंधन वेगळे. त्याला मिळाले ते रशियन सीमेवरचे रणांगण नव्हे, दूरचे अलेप्पो. तिथे 1850 मध्ये ख्रिस्ती वस्तीवर जमाव चालून गेला, तेव्हा दंगल मोडणाऱ्यांच्या बाजूला हा नवा मुसलमान होता. रशियाशी भिडण्याची संधी देणारे क्रिमियाचे युद्ध पेटायला अजून तीन वर्षे होती. 1850 च्याच डिसेंबरात बेम गेला.