दोष कोणाचा आणि कर्तव्य कोणाचें?

रक्त तपासून घेतल्यावर 'तुम्हांस मधुमेह झाला आहे' असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील कष्टकरी माणसाच्या मनांत बहुधा दोन प्रश्न उठतात. पहिला, 'माझें असें काय चुकलें?' आणि दुसरा, 'मला तर कोठेंच दुखत नाहीं, मग औषध कशाला?' हे प्रश्न वरवर वैद्यकाचे दिसले तरी वस्तुतः ते नीतीचे आहेत. आणि त्यांचा उलगडा न झाल्यामुळें पुष्कळांचें पथ्य व औषध दोन्ही बिघडतात. म्हणून वाचकांनीं त्यांचा शांतपणें विचार करावा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास शेजारीपाजारी फार तत्पर असतात. कोणी म्हणतो, 'जिभेवर ताबा नव्हता'. कोणी हळूच सुचवितो कीं, ही देवाची शिक्षा असावी. हें ऐकून रोगी लाजतो व आजार लपवूं लागतो. परंतु हा निवाडा खरा आहे काय? सुश्रुतसंहितेंत सुद्धां प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मापासून आलेला व दुसरा अपथ्यानें झालेला. म्हणजे सगळा दोष जिभेचा नव्हे, हें त्या काळींहि ठाऊक होतें.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास चालविला. तेथील मुलें जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाचीं भरलीं. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील मुलें ३.५ किलोंचीं. पण आपलीं मुलें हाडकुळीं असूनहि त्यांच्या अंगांतील चरबी त्या मानानें कमी नव्हती. पुढें २००४ सालीं याज्ञिकांनीं स्वतःची व इंग्लंडांतील आपले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. परंतु युडकिनांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९, तर याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१! तात्पर्य, आईच्या पोटांत असतां जें मिळालें अथवा मिळालें नाहीं, त्याचाहि या रोगांत वांटा आहे. सडपातळ शेतकऱ्यास मधुमेह झाला म्हणून त्यास खादाड म्हणणें हें अज्ञान आहे आणि अन्यायहि आहे.

आतां कोणी म्हणेल, 'दोष माझा नाहीं, तर मीं पथ्य कां पाळावें?' येथेंच पुष्कळांची गफलत होते. दोष एक आणि कर्तव्य दुसरें. वडिलार्जित शेताचा बांध आपण फोडलेला नसतो. तरी पावसापूर्वीं तो घालावयाचा कोणीं? ज्याच्या हातीं आज शेत आहे त्यानें. शरीराचेंहि तसेंच आहे. ज्यावर बायकामुलांची भातभाकर अवलंबून आहे, तें शरीर आपल्या एकट्याच्या मालकीचें नसतें. बापाचे डोळे गेले, म्हणजे काठीचें दुसरें टोंक मुलाच्या हातीं येतें.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. दांत दुखला तर माणूस रात्रीं उठून औषध शोधतो. पण उपाशीपोटीं रक्तांतील साखर १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक झाली तरी कोठेंच ठणकत नाहीं. ती साखर मात्र डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या नसा यांचा निःशब्द नाश करीत असते. पुढें नसा बधिर होतात; मग जांभ्या दगडावर अनवाणी चालतांना पाय कापला तरी कळत नाहीं, आणि जखम चिघळते. तेव्हां न दुखणें हें नेहमींच निरोगीपणाचें लक्षण नव्हे. कधीं कधीं तें राखणदार झोपल्याचें लक्षण होय. वेदनेनें ढकलल्यावर तर गुरेंहि चालतात. समजून आधींच चालूं लागणें हेंच माणसाचें माणूसपण.

ब्रिटनमध्यें १९७७ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत नुकताच मधुमेह झालेले ५,१०२ लोक घेण्यांत आले. १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, ज्यांची साखर अधिक कसून आटोक्यांत ठेविली, त्यांच्यांत डोळे, मूत्रपिंडें इत्यादिकांचे विकार सुमारें चतुर्थांशानें कमी झाले. अभ्यास संपल्यावर दोन गटांच्या साखरेंतील फरक वर्षभरांत नाहींसा झाला. तरीहि दहा वर्षांनंतर पहिल्या गटाचा लाभ टिकून असल्याचें दिसलें. आरंभींचा संयम वाया जात नाहीं.

मग करावें काय? भात सोडावयाचा नाहीं. त्याचा ढीग निम्मा करावा, आणि ती जागा भाजीपाला, कुळीथ-मुगासारखीं कडधान्यें व मासळी यांस द्यावी. नाचणीची भाकर चांगली, परंतु ती औषध नव्हे; तिनेंहि साखर वाढते, आणि पातळ पेज केली तर अधिक लवकर वाढते. हापूस विष नाहीं. पण एकदोन फोडी निराळ्या व वाटीभर आमरस निराळा. रोज अर्धा तास भरभर चालावें. औषधांत बहुधा प्रथम मेटफॉर्मिनची गोळी देतात; ती यकृतांतून रक्तांत येणारी साखर कमी करते. ती जेवणाबरोबर घ्यावी, आणि साखर ठीक आली म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद करूं नये. छप्पर गळत नाहीं म्हणून भर पावसांत कोणी कौलें उतरवीत नाहीं. जे इन्शुलिन अथवा साखर झपाट्यानें उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीं जेवण चुकवूं नये; घाम, थरथर वा भोंवळ आली तर तत्काळ साखर खावी.

परंतु कर्तव्य एकट्या रोग्याचें आहे असेंहि समजूं नये. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरंटो येथें लेनर्ड थॉम्प्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास प्रथमच इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशा मुलांस उपाशी ठेवून मरण थोडें लांबविणें, एवढेंच वैद्यांच्या हातीं होतें. शोधकर्त्यांनीं त्याचें पेटंट टोरंटोच्या विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरास देऊन टाकिलें. रोग त्यांचा नव्हता, दोषहि त्यांचा नव्हता. तरी भार त्यांनीं उचलला.

आपल्या हातीं शोध लावणें नसेल, पण आग्रह न करणें तर आहे! पाहुण्यास गोड खाऊं घालणें ही कोंकणची रीत प्रेमळ खरी. तथापि 'एकानें काय होतें?' म्हणून त्याच्या पानांत मोदक वाढणारा यजमान प्रेमाच्या नांवाखालीं त्याचा निश्चय मोडतो. आणि रोगी घरची गृहिणीच असली तर? ती सर्वांच्या मागून जेवते. तोंवर भाजी व मासळी संपलेली असते, आणि उरलेला भात टाकवत नाहीं म्हणून तोच तिच्या वांट्यास येतो. तिला 'पथ्य पाळ' असें सांगणें सोपें. तिच्यासाठीं मासळीचा तुकडा राखून ठेवणें व तिला पंक्तीस बसविणें हें पुरुषांचें कर्तव्य आहे, आणि तें तिच्या गोळीइतकेंच अवश्य आहे.

म्हणून नवीन रोग्यानें 'माझें काय चुकलें?' हा प्रश्न सोडून 'आतां माझ्या हातीं काय आहे?' हा प्रश्न धरावा. आणि शेजाऱ्यांनीं 'ह्यानें काय केलें?' असें न पुसतां 'मीं काय करावें?' असें स्वतःस पुसावें. दोषाचा हिशोब कदाचित् कधींच पुरा होणार नाहीं. कर्तव्य मात्र आज संध्याकाळच्या ताटापाशींच सुरू होतें.