होडीला कुलूप

घराला कुलूप लावता येतं, याचं श्रेय लोक उगाच कुलपाला देतात. ते खरं घराचं. घर जागचं हलत नाही. चोर घरातलं सगळं नेईल, पण घर नेणार नाही. होडीचं तसं नाही. निघून जाणं हाच तिचा धर्म. जी दोरी मालकाच्या हातून सुटते ती चोराच्या हातूनही तितक्याच गुणानं सुटते. ज्याच्या हाती वल्हं, त्याची होडी.

निवृत्तीनंतर मी कोकणात खाडीकाठी राहायला आलो. जन्म बँकेत गेल्यामुळे कुलूप हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. पण खाऱ्या हवेत लोखंडी कुलूप असं काही गंजतं, की चोराच्या आधी मालकच हात टेकतो. पितळी टिकतं, मात्र मग ते कुलूपच चोरण्याजोगं होतं!

शहाणा चोर अख्ख्या होडीच्या भानगडीत पडत नाही. ती रंगावरून, नावावरून, नोंदणीच्या आकड्यावरून ओळखू येते. आऊटबोर्ड इंजिन मात्र होडीच्या मागच्या फळीला पिळाच्या चापांनी धरलेलं असतं. पीळ सैल केले की आलं खांद्यावर. म्हणून त्या पिळांच्या मुठी एकत्र अडकवून ठेवणारं कुलूप मिळतं. इंजिनाचा क्रमांक वहीत उतरवून ठेवायचा असतो. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली झोपवलेल्या असतात, तेव्हा इंजिन सरळ घरी आणायचं. आमचे शेजारी तांडेल ते माजघरात ठेवतात. जावयाला ओटी आणि इंजिनाला माजघर, अशी त्यांच्या घरची मानाची उतरंड आहे.

पण हेच तांडेल आपलं लहान होडकं काठावर उघडं सोडतात. वल्ह्यांसकट. मला राहवेना.

"तांडेल, निदान वल्ही तरी घरी न्या. कोणीही उचलून नेईल."

"न्यायलाच ठेवलीत, काका."

"म्हणजे?"

"रात्री खाडीत कोण ओरडला, तर धावणाऱ्यानं आधी माझ्या दारात येऊन चावी मागायची?"

बँकेच्या नियमावलीत यावर उत्तर नाही. मी वकील भाच्याला गाठलं. तो म्हणाला, बुडत्याला वाचवायला न विचारता होडी नेली तर ती चोरीच नव्हे. चोरीला हेतू अप्रामाणिक लागतो. वर त्यानं एक गंमत सांगितली. १८६० च्या दंडसंहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आणि माल ठेवायला वापरलेल्या नौकेत शिरून चोरी केली तर सात. म्हणजे होडी नेली तर तीन, होडीतली टोपली नेली तर सात! १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली. हेतूची अट तीच राहिली.

पण कायदा नेणाऱ्याचा हेतू बघतो. मला पडलेला प्रश्न ठेवणाऱ्याचा होता. उघडी होडी भल्यासाठी ठेवली तरी बुऱ्यालाही ती उघडीच. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका अतिरेक्यांनी समुद्रात पळवली, तिच्या तांडेलाला मारलं आणि तिच्यातूनच ते मुंबईजवळ आले. पुढचं सांगायला नको. तिथं कुठलं कुलूप कामाला आलं नसतं. पण तेव्हापासून किनाऱ्यावरची प्रत्येक होडी जराशी संशयित झाली. एकमेकांना चालण्यावरून ओळखणाऱ्या माणसांना ओळखपत्रं मिळाली.

हे सगळं मी तांडेलांना ऐकवलं. ते थोडा वेळ खाडीकडे बघत राहिले.

"म्हणून तर इंजिन आत ठेवतो ना, काका. नुसत्या वल्ह्यानं पलीकडं पोचेपर्यंत माझ्या पोराचे खांदे भरतात. मुंबईला कोण जातोय?"

अधूनमधून वल्ह्यांची जोडी खरोखरच जाते. तांडेल दुसरी करून आणतात आणि त्याच जागी ठेवतात. आमच्याकडे अशा रकमेला बुडीत खातं म्हणत. तांडेलांचा धाकटा भाऊ याच खाडीत गेला. त्या रात्री काठावर चार होड्या होत्या, आणि वल्ही चार घरांत नीट उभी करून ठेवलेली होती. हे मला तांडेलांनी नाही, त्यांच्या बायकोनं सांगितलं, तेही मासे साफ करता करता.

यंदा गावानं बैठक घेऊन ठरवलं, की सगळ्या होड्यांना साखळ्या घालायच्या आणि चाव्या एकाच घरी ठेवायच्या. बँकेतला माणूस म्हणून तो मान माझ्याकडे आला. चाव्यांचा जुडगा आता माझ्या उशाशी असतो, आणि रात्री दार वाजलं तर ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद करून झोपतो. घामानं अंग चिकट होतं, पण झोप सावध राहते. जुडग्यात तांडेलांची चावी नाही. वर्गणी त्यांनी सगळ्यांच्या आधी दिली, साखळीही घेतली. ती त्यांनी नांगराला लावली.