विस्मृति आणि विश्वास



एका खेड्यांतील मंडळींत प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीं पंचांनीं मजपुढें एक प्रश्न मांडला. मंडळींतील सर्वांत वृद्ध बहीण, जिला सारा गांव आजी म्हणतो, ती आतां पोटच्या लेकास ओळखीत नाहीं. जेवून उठली कीं पुन्हा जेवण मागते. उपासना चालूं असतां मध्येंच उठून शेळ्या बांधावयास निघते. जिला आपण काय खातों हें कळत नाहीं तिला भाकर द्यावी काय? प्रत्येकानें आधीं आपली परीक्षा करावी असें पौलानें करिंथकरांस लिहिलें नाहीं काय? पंच कांहीं दुष्ट नव्हते. पवित्र वस्तूचा मान राखावा एवढाच त्यांचा हेतु. मला उत्तर सुचलें नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं मीं ताट तिच्यापुढून तसेंच पुढें नेलें. तिनें हात पसरला होता. तो हात माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं, म्हणून हें लिहीत आहें.

वार्धक्यांत देह कसा खचतो हें पवित्र शास्त्र लपवीत नाहीं. बर्जिल्लय ८० वर्षांचा झाला असतां दावीद राजानें त्यास यरुशलेमेस चलण्याचा आग्रह केला. परंतु आतां अन्नाची चव लागत नाहीं, गाणाऱ्यांचा आवाज ऐकूं येत नाहीं, असें सांगून तो घरीं परतला. डॉक्टर लोकही असेंच सांगतात. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील भिंग ताठर होतें (मीही आतां शास्त्र हात लांब करून वाचूं लागलों आहें), पुढें उंच स्वर कानांस कमी लागतात, स्नायु झिजतात, ओळखीच्या माणसाचें नांव ओठांवर येऊन अडतें. हा रोग नव्हे.

आजीचें दुखणें निराळें आहे. तिच्या मेंदूंतील पेशीच नाश पावत आहेत. सन १९०६ मध्यें आलॉइस आल्झायमर नामक जर्मन डॉक्टरानें अशा एका स्त्रीच्या मेंदूंतील बिघाडाचें वर्णन केलें, व पुढें त्या रोगास त्याचेंच नांव पडलें. ही भूतबाधा नव्हे, पापाची शिक्षाही नव्हे. आणि तो रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. तथापि विसर पडूं लागतांच डॉक्टरांस अवश्य दाखवावें. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता यांनींही विसर पडतो, आणि तो उपचारानें सुधारूं शकतो. आजीच्या रोगांत बहुधा कालचें आधीं जातें, बालपणचें मागाहून. म्हणूनच लेकाचें नांव गेलें तरी जुन्या गीताचा सूर लागला कीं तिचे ओठ हालूं लागतात.

आम्हां उपदेशकांचीही यांत चूक आहे. बाप्तिस्म्यापूर्वीं आम्ही दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना पाठ म्हणवून घेतों. तें योग्यच, परंतु त्यामुळें पाठांतर म्हणजेच विश्वास असा समज रुजतो. झोपलेल्या मनुष्यास प्रभूचें नांवही आठवत नाहीं. म्हणून तो रात्रीपुरता अविश्वासी होतो काय? कोणी म्हणेल, झोपलेला सकाळीं उठतो, आजीचें मन परत येणार नाहीं. खरें आहे. पण आपण पुनरुत्थान मानणारे लोक आहों. आपली सकाळ त्यापलीकडची आहे. शिवाय विश्वास हा करार आहे, आणि करारास दोन पक्ष असतात. नवऱ्यास न ओळखणारी बायको त्याची बायकोच राहते. देवाचें स्मरण आईच्या स्मरणाहूनही बळकट आहे, हें यशयाच्या ग्रंथांत सीयोनेस सांगितलें आहे.

मग पौलाच्या वचनाचें काय? तो अध्याय मागून वाचीत यावा. करिंथ येथें कांहीं जण आपलेंच जेवण आधीं उरकून घेत, कोणी मस्तही होई, आणि ज्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें ते उपाशी राहत. प्रभूचें शरीर न ओळखण्याचा दोष पौलानें ज्यांच्या पदरीं घातला ते हे, मंडळींतील दुर्बळांस तुच्छ मानणारे. तर मग त्या रविवारीं शरीर कोणीं ओळखिलें नाहीं? आजीनें कीं मीं? ती स्वतः तोंड फिरवील तर अर्थात् बळजबरी करूं नये. बर्जिल्लयासही दाविदानें ओढून नेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट, जरी ती भोजनाविषयीं नाहीं. इसहाकाचे डोळे मंद झाले तेव्हां घरच्यांनींच त्यास फसविलें. आपल्यांतही भ्रमिष्ट बापाचा अंगठा कागदावर उठवून घेणारे आहेत, आणि ते उपासनेस पुढल्या रांगेंत बसतात. पंचांस परीक्षाच घ्यावयाची असेल तर तेथून आरंभ करावा.

पुढल्या प्रभुभोजनाच्या आधीं मीं आजीपाशीं जाऊन क्षमा मागितली. कशाची क्षमा हें तिला कळलें नाहीं. "जेवलास काय रे बाळा?" एवढेंच तिनें विचारलें. उपासनेंत भाकर हातीं पडतांच तिनें ती मोडून अर्धी शेजारच्या नातवास दिली. पोर सहा वर्षांचें, प्रभुभोजनास अजून न घेतलेलें. त्यानें ती लगेच खाऊन टाकिली. पंच माझ्याकडे पाहूं लागले. त्याविषयीं काय करावें हें आमचें अजून ठरलेलें नाहीं.