एकच रेझिस्टर

मखरासाठी धाकट्यानं रंग बदलणारा एलईडी आणला. लाल, हिरवा, निळा एकाच पोटात; पाय चार. आम्ही पडलो बी.कॉम.! काटकसर म्हणून म्हटलं, "तिघांत मिळून एकच रेझिस्टर लाव. सगळ्यांना सारखा न्याय!"

पेटला फक्त लाल.

"बाबा, लालला दोन व्होल्ट पुरतात, बाकीच्यांना तीन लागतात. त्यामुळे सगळा करंट लालच ओढतो."

मी गप्प. घरात दोन्ही मुलांना नियम मी एकच लावला होता. थोरला बोलका; कौतुक सगळं त्यानंच ओढलं. माझा ताळेबंद जुळला होता, धाकटा मात्र अंधारात.

संध्याकाळी तीन रेझिस्टर आणले. पाच व्होल्टवर लालला १५० ओहम, बाकीच्यांना १००-१००. तिघे पेटले, आणि उजेड चक्क पांढरा पडला! धाकटा हसला. त्याला इतकं हसताना मी प्रथमच पाहत होतो.