सरळ चालणारी गाडी

बैलगाडीला स्टेअरिंग नसतं. कासरा असतो आणि कासऱ्याच्या पलीकडे दोन जीव असतात. पांदणीत खड्डा आला की धुरकरी पेंगत असला तरी बैल बाजूला होतात. त्यांनाही तंगडी मोडून घ्यायची नसते. म्हणून बाजारातून परतताना गाडीत झोपणाऱ्याला आमच्याकडे कोणी नावं ठेवली नाहीत.

मोटारीचं तसं नाही. नंदनवनात मुलाकडे आलो की त्याच्या कारनं समृद्धी महामार्गावर जाणं होतं. नंदनवनच्या गल्लीत हातगाडी, ई-रिक्षा, मधेच बसलेली गाय. स्टेअरिंगला क्षणभर उसंत नसते. शिवमडक्याला समृद्धीवर चढलो की सारं चूप. मुलगा म्हणतो, "बाबा, काहून भेता? गाडी आपसूकच सरळ चालते."

चालते खरी. वखर बैलांमागे सरळ येतो, कारण ओढ पुढे आणि पास मागे. मोटारीचं पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं, तो वरच्या बाजूनं थोडा मागे कललेला असतो. त्याची रेघ जमिनीला चाकाच्या टेकीपुढे लागते, म्हणून चाक मागून ओढलं जातं आणि हात सैल सोडला की स्टेअरिंग जागेवर येतं. शिवाय वळणावर वेग फार झाला तर बहुतेक कारची पुढची चाकं आधी घसरतील, अशी बांधणी असते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते. पुढची घसरली तर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी गाडी बरेचदा ताळ्यावर येते. भेदरलेल्या माणसाचा हिशेब आधीच मांडलेला!

नव्या गाड्यांत तर संगणक एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतो. ट्रॅक्टरवाल्याला याचं नवल नाही. धुऱ्यावर वळताना दोनांपैकी आतल्या बाजूचा एकच ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. पण सडकेवर येण्याआधी दोन्ही पायडल पट्टीनं जोडावे लागतात, नाहीतर वेगात तोच ब्रेक उलथवून टाकतो.

मग गाडी सरळ गेली, हे कर्तृत्व कोणाचं? "मला गाडी चांगली येते" यातला निम्मा भाग बनवणाऱ्याचा असतो, आणि तो आपण आपल्या नावावर लावतो. गोष्ट इथंच बिघडते. इतकी सांभाळून घेणारी गाडी आपलं लक्ष सुटलेलं आपल्याला कळू देत नाही. सरळ जाणं तिला येतं, पण रस्ता कुठं वळला हे तिच्या चाकांना कळत नाही.

समृद्धी 701 किलोमीटरचा, कारला 120 ची मुभा. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. नागपूरहून पुण्याला निघालेली बस 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, 25 माणसं गेली. त्या एका अपघाताचा निवाडा मी करणार नाही. पण एकसुरी सरळ रस्त्यानं डोळे उघडे असून मन झोपतं, त्याला महामार्ग संमोहन म्हणतात. नागपूरच्या व्हीएनआयटीनं या रस्त्याच्या अभ्यासात तेही एक कारण मांडलं होतं.

जुनं जड स्टेअरिंग बरं होतं, असं मी म्हणणार नाही. त्यानं खांदे गेलेले ट्रकवाले पाहिलेत. पण मागच्या सीटवर सून आणि नातू झोपलेले असतात, ते माझ्या मुलाच्या भरवशावर. कंपनीला ते ओळखतही नाहीत. म्हणून तासाभरानं मी चहा मागतो, तल्लफ असो की नसो. मुलगा कुरकुरतो, पण गाडी थांबवतो.